पाहुणीसाठी शिजलेला भात

मित्रांनो, मी एक जुना टोप आहे, भाताचा. आत्ता भंगाराच्या हातगाडीवर एका मोडक्या पंख्याखाली पालथा पडलो आहे. उद्या मला वितळवतील, तेव्हा आजच काय ते बोलून घेतो.

कंबोडियात, नॉमपेन्हजवळच्या एका ओतशाळेत, निकामी इंजिनांच्या ॲल्युमिनियमपासून माझा जन्म झाला. फल्लाच्या लग्नात मी तिच्या घरी आलो. ती कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला जायची. नवरा सीमेपलीकडे कामाला गेला, तो तिकडेच रमला. घरात तिची आई येन आजी आणि लेक सोरया. दुधाच्या रिकाम्या डब्यानं तांदूळ मोजून माझ्यात पडायचे. माझ्या तळाची खरवड सोरयाची, त्यात वाटेकरी नाही. "फल्ला, तुझ्या टोपात भात कसा मोकळा होतो गं," असं शेजारणी म्हणायच्या आणि मी फुगायचो. खोटं कशाला बोलू?

मग साथ आली. गल्ली दोऱ्या बांधून बंद केली, कारखान्याला कुलूप लागलं. पुढे गल्ली उघडली, कारखाना काही उघडला नाही. माझ्यातल्या भाताची पेज झाली आणि पेजेचं पाणी झालं. कित्येकदा नुसती तळ्याकाठची नाळीची भाजी उकळायची, वासापुरता खारवलेला मासा घालून. सोरया खरवड मागायची बंद झाली. मला फार वाईट वाटायचं.

अशात एका दुपारी मालिस नावाची मुलगी आली. साथीनं गरिबांच्या घरी काय हाल झाले, याचा अभ्यास करणाऱ्या संस्थेची. ज्यांचं खरंच भागत नाही, त्यांना पुढे तांदळाची गोणी मिळणार होती. हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, येन आजीलाही.

पण आमच्याकडे जेवणवेळेला दारात आलेल्या माणसाला भात वाढल्याशिवाय पाठवत नाहीत. आजीनं फल्लाला आत बोलावलं.

"डब्यात तांदूळ किती आहेत?"

"दोन दिवस पेज होईल एवढे. आई, ती चौकशीलाच आलीय. तिला आपली चूल दाखव, झालं."

"पोरगी उन्हातनं आलीय आणि मी तिला थंड चूल दाखवू? टाक सगळे."

सगळे तांदूळ माझ्यात पडले. टोपाला नाही म्हणता येत नाही हो. वास सुटला तशी सोरया धावत आली.

"आई, आज भात?"

"रोज भात खाऊन विटलीय कार्टी, म्हणून विचारतेय," आजी म्हणाली. मालिस हसली.

"आजी, दिवसातून कितीदा जेवता?"

"बघतेसच की. फल्ला, वाढ गं हिला."

खरं काय ते फल्लाच्या अगदी ओठांवर आलं होतं. आजीनं डोळे वटारले आणि तिनं ते गिळलं. मालिसही त्याच रीतीत वाढलेली. पानावर नको म्हणणं हा अपमान, म्हणून ती पोटभर जेवली. जाताना म्हणाली, "काही घरं बघवत नाहीत, आजी. तुमच्याकडे बरं वाटलं." अगं बाई, तो तांदळाचा डबा उचल, हलवून बघ, असं मला ओरडावंसं वाटलं.

गोण्या आल्या. शेजारी उतरल्या, समोर उतरल्या, आमच्या दारावरून गाडी पुढे गेली. फल्ला आईला एका शब्दानं बोलली नाही. आजीच भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "मीच घास काढला पोरीच्या तोंडचा." शेजारीण वाटीभर तांदूळ घेऊन आली, तर हीच आजी तिला म्हणाली, "आमचं झालंय गं." आता काय बोलावं अशा माणसाला!

आज सकाळी भंगारवाला आला. फल्लानं मला पुढे केलं. भला माणूस होता बिचारा, उलटासुलटा करून म्हणाला, "ताई, धड आहे हा. भात कशात शिजवाल?"

"आमची जेवणं झालीत," फल्ला म्हणाली. सोरया दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती.

मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या घरी असंच हालहवाल विचारायला जाल. तेव्हा जेवणवेळेला जाऊ नका. गेलातच तर समोरच्या भरल्या टोपावर भरवसा ठेवू नका, आम्ही टोप काय, जे घालाल ते शिजवतो. आणि त्या घरातलं लेकरू "आज भात?" म्हणालं, तर हसू नका.