चरकाचा पहिला रंग

डोळे मिटा, बाळांनो, आणि समजा, तुमच्या हातात काचपेपर आहे. समोर उसाचा रस काढायचा जुना लोखंडी चरक. हळूहळू घासायचं. वरचा लाल रंग जातो, खालून हिरवा डोकावतो. दौंडजवळच्या एका गावात, आपल्या आजोबांच्या गोठ्यात, दहा वर्षांची तेजश्री अगदी हेच करत होती.

चरक शाळेच्या अंगणात ठेवायचा होता. तिच्या आजोबांची, म्हणजे आनंदराव आबांची, एकच अट होती, तो मूळचा होता तसाच दिसला पाहिजे. खाली पाटी लागणार होती त्यांच्या वडिलांच्या नावाची. गावात पहिला कोरा चरक त्यांनी आणला, असं आबा सगळ्यांना सांगत. मूळ रंगासाठी ते थेट शिरूरच्या मिस्त्र्यांना विचारून आले. कुणी लाल म्हणालं, कुणी हिरवा. आणि आज सकाळी शेजारच्या खुर्शिदचाची कुंपणापलीकडून म्हणाल्या होत्या,

"निळा व्हता, आनंदराव. दातेरी चाकाच्या आतनं बघा."

तेव्हापासून आबांचं कशातच लक्ष नव्हतं.

"तिला चाकाच्या आतलं कसं ठावं? आपण न्हाई तवा गोठ्यात शिरती का काय?"

"चाचींचं गुडघं बघितलं का, आबा? त्यांना त्यांची पायरी चढवंना." तेजश्री हसली.

"दात काढू नगंस. आज रंग सांगत्यात, उद्या चरकच आमचा म्हणतील. तू घास. थर कसं बघायचं, शिकवलंय ना?"

शिकवलं होतं. लाल आणि हिरव्याच्या मधे तेलकट, तांबूस पापुद्रा लागला. ते हळदीकुंकू. गुऱ्हाळाच्या पहिल्या दिवशी चरकाची पूजा झाल्याशिवाय त्यांच्या घरी ऊस आत जात नसे. एकही हंगाम चुकला नाही, हे आबांनीच तिला कितीदा सांगितलं होतं.

तिनं चाकाच्या आत हात घातला. हिरवा सुटला आणि निळा दिसला. झिजलेला, ओरखडलेला, बरेच हंगाम चाललेला निळा. त्याच्यावर तेल होतं, काजळी होती. तिनं ओल्या फडक्यानं पुसून पुन्हा पाहिलं.

"आबा, निळ्यावर कुंकू न्हाई."

आबा वाकले. अंगठ्यानं ती जागा चोळली. अंगठा उजेडात धरून पाहिला.

"आपण कोरा आणला, तर मग तवा पूजा का न्हाई केली?"

आबांनी आधी कुंपणाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"बुजव ते. हिरवा लावू."

"पण मूळचा तर..."

"मी सांगतो त्यो मूळचा!"

ते वळले आणि रंगाच्या डब्याचं झाकण पान्यानं ठोकू लागले. झाकण काही निघेना.

तेजश्रीनं काचपेपर खाली ठेवला. कुंपणाच्या फटीतून ती पलीकडं गेली. खुर्शिदचाची ओसरीवर लसूण सोलत होत्या. तिनं बोट त्यांच्यापुढं धरलं. नखात निळी कपची अडकली होती.

"चाची, चरक तुमच्याकडं व्हता तवा असाच निळा व्हता, का ह्याच्यापेक्षा गडद?"

मागं गोठ्यातलं ठोकणं थांबलं. तेजश्रीनं मागं वळून पाहिलं नाही. चाचींना नीट दिसावं म्हणून ती उन्हात सरकली.