तांबडी रेघ

लालीबाईने फोटोच्या काचेवर बोट ठेवलं आणि हळूहळू सरकवत नेलं.

"हा आमचा तांडा. हा धुरा. हे मोहाचं झाड. आन ही हीर. बरोबर हाय ना, भाऊ?"

"बरोबर हाय," धम्मरत्न म्हणाला आणि पुसलेला काउंटर त्याने पुन्हा पुसायला घेतला.

तिचा दीर धावजी बाहेर मोटारसायकलवर बसून होता. आठ दिवसांपूर्वी बाजाराला आला असताना त्यानेच हा फोटो स्टुडिओच्या दर्शनी काचेत पाहिला होता, आणि आपलं शेत ओळखून तांड्यावर जाऊन सांगितलं होतं. लालीबाईचा नवरा रामधन डिसेंबरात, रात्री पिकाला पाणी द्यायला, ओलिताला गेला होता, तो सकाळी विहिरीत सापडला. हा फोटो त्याच रात्रीचा होता, खाली तारीखच होती.

आर्णीच्या बसस्टँडमागे धम्मरत्नचा स्टुडिओ. त्याचा जन्म अठ्ठावन्नचा, धर्मांतरानंतरचा, वस्तीतला पहिला धम्मरत्न. हजेरी घेताना मास्तर त्याचं नाव दोनदा विचारून घेत. लग्नं, बारशी, ओळखपत्रं यांवर त्याचं बरं चाललं होतं. पण ती कपाशीची वाईट वर्षं होती आणि एक नवंच काम वाढलं होतं. गावोगावचे लोक मतदानाचं कार्ड घेऊन यायचे आणि त्यावरचा नखाएवढा चेहरा हार घालण्याएवढा मोठा करून मागायचे. चेहरे मोठे करून करून धम्मरत्न इतका विटला, की रात्री माणसं नसलेले फोटो काढायला निघाला.

टेकडीवर तिपाई लावायची आणि कॅमेऱ्याचा पडदा वीस मिनिटं उघडा ठेवायचा. अंधारातून चालणारा माणूस अशा फोटोत उमटतच नाही. त्याच्या हातातल्या उजेडाची तेवढी रेघ राहते. खाली लोडशेडिंगने काळी झालेली गावं, वर चांदण्यांचे ओरखडे, आणि मधे शेतातल्या मोटारींना रात्रीच मिळणाऱ्या लाइनवर ओलीत करणाऱ्यांच्या टॉर्चच्या रेघा. ते बघताना त्याला फार बरं वाटायचं. घड्याळ बघायचं तर उजेड करावा लागतो आणि अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात, म्हणून वेळ मोजायला तो त्रिशरण-पंचशील म्हणायचा. एकदा म्हणायला दोन मिनिटं. बोटांच्या पेरांवर दहा वेळा झालं, की पडदा बंद. मधे मात्र एक शब्दही बोलायचा नाही, बोललं की मोजणी गेली.

त्याची बायको इंदूबाई म्हणायची, "पुण्य कमावून राह्यले का फोटो काढून राह्यले, एक काहीतरी सांगा."

"एका दगडात दोन पक्षी," तो म्हणायचा. पहिलंच शील जीवहत्या न करण्याचं, पण ते तिच्या लक्षात यायचं नाही.

लालीबाईचं बोट आता विहिरीवर थांबलं होतं. तांड्यापासून विहिरीपर्यंत एक ठसठशीत पांढरी रेघ होती. विहिरीपासून उलट निघून मोहाच्या झाडापर्यंत आलेली दुसरी रेघ बारीक होती आणि तांबडी होती.

"ही पांढरी म्हंजे ते जाऊन राह्यले," ती म्हणाली. "मंग ही लाल? हे वापस येऊन राह्यले ना, भाऊ?"

धम्मरत्न फडक्याची घडी घालू लागला.

"कायले इचारून राह्यली सांगू का? त्या राती मी भांडली. म्हटलं, जाय, त्या हिरीतच राय आता, घरी येऊ नको." तिने पदर तोंडाशी धरला. "रोजचंच बोलणं होतं ते. पण सासू म्हणते, तुह्या तोंडानं माह्या पोराले हिरीत ढकललं. तांड्यावर कोणी माह्या हातचं पाणी घेत नाही. तुम्ही येवढंच सांगा, ते घरी येऊन राह्यले होते का नाही?"

हो म्हणणं किती सोपं होतं!

"हो," धम्मरत्न म्हणाला. "येऊनच राह्यले होते."

"मंग लाल काहून?"

"सेल उतरले असतीन."

लालीबाईने मान वर केली. "सेल तं नवे होते. रेडिओतले नवे सेल काढून त्यायनं टॉर्चात टाकले, त्याच्यावरच तं भांडण झालं."

पण लालीबाईला भांडायचं नव्हतं, विश्वास ठेवायचा होता. तीच म्हणाली, "असंन बाप्पा. आजकालच्या मालाचा काय भरोसा. उतरले असतीन."

ती फोटो उतरवून मागू लागली. सासूला दाखवायचा होता. फ्रेमची दोरी वरच्या खिळ्याला होती; धम्मरत्नने स्टूल घेतलं, वर चढला, दोरीला हात घातला आणि तसाच उभा राहिला. चांगला फोटो दडवून ठेवणं त्याला जमलं नव्हतं, म्हणून तर तो काचेत लावला होता. पण त्या रात्रीबद्दल तो दोन महिने स्वतःशीसुद्धा बोलला नव्हता.

तांबडी रेघ त्याची होती.

मोहाचं झाड काळोखात बुडून जात होतं, म्हणून पडदा उघडा ठेवून तो खाली उतरला होता. झाडावर टॉर्च मारला की ते फोटोत उठून दिसतं. विहिरीपर्यंत तो अंधारातच आला. पुढे धुरा, शेताचा बांध, उंचसखल, म्हणून त्याने टॉर्च लावला आणि उजेड कॅमेऱ्यात शिरू नये म्हणून काचेवर हात धरला. बोटांच्या मांसातून येणारा उजेड लाल दिसतो. विझायला आलेल्या निखाऱ्यासारखा तो ठिपका धुऱ्यावरून निघाला. त्यामागचा माणूस कोणाला दिसणार?

सहावी फेरी चालू होती. चौथं शील तोंडात होतं, खोटं न बोलण्याचं. तेवढ्यात विहिरीकडून आवाज आला होता.

"कोण हाय?"

तो बोलला नाही. चार फेऱ्याच तर राहिल्या होत्या, मग सांगू म्हणून ओठांतल्या ओठांत पुढे म्हणत राहिला. आवाज पुन्हा आला, आता थोडा चिरकलेला. "कोण हाय रे तिकडं?" तेही त्याने जाऊ दिलं. तिसऱ्यांदा आवाज आलाच नाही. पाण्याचा आवाज झाला, पण मोटार चालू होती, पाणी पाटात पडतच होतं. त्याने झाडावर उजेड मारला, हात पुन्हा काचेवर धरण्याऐवजी टॉर्चच बंद केला आणि अंधारातच दुसऱ्या वाटेने टेकडी चढला. दहा फेऱ्या बरोबर भरल्या. विहिरीला कठडा नव्हता, हे त्याला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या वर्षी विहिरीत माणूस सापडला, की तो कसा पडला हे कोणी विचारत नसे. का पडला, हे सगळ्यांना आधीच ठाऊक असे.

धम्मरत्न स्टुलावरून उतरला. फोटो त्याने काउंटरवर ठेवला.

"लालीबाई, मी खोटं बोललो. ही लाल रेघ माही हाय."

त्याने टॉर्च आणला, पेटवला आणि काचेवर हात धरला. बोटं लाल झाली. मग त्याने सगळं सांगितलं, फेऱ्यांचं, झाडाचं, आवाजाचं. धावजी केव्हाच दारात येऊन उभा राहिला होता. आता हा कॉलर धरणार असं धम्मरत्नला वाटलं, आणि धरली असती तर बरंच वाटलं असतं.

लालीबाई त्याच्या लाल बोटांकडे बघत होती.

"दोन डाव इचारलं त्यायनं?"

"दोन डाव."

"आन तुम्ही बोलले नाही."

"नाही बोललो."

"भेले असतीन ते," ती म्हणाली. "लई भेत होते अंधाराले. म्हून तं नवे सेल पाह्यजे होते." आणि इतका वेळ धरून ठेवलेलं रडू तिला फुटलं. "मरायले निघालेला माणूस कोण हाय म्हून कायले इचारन, धावजी?"

धावजीने तोंड फिरवलं.

तिने डोळे पुसले. "चला. हे माह्या सासूले सांगा. फोटो राहू द्या, तुम्ही चला."

धम्मरत्नने शटर ओढलं.

तांड्यावर पोचले तेव्हा दिवस बुडाला होता आणि लाइन गेलेली होती. धावजी गाडी लावायला मागे राहिला, लालीबाई दोन पावलं मागून येत होती. गल्लीत इतका काळोख, की धम्मरत्नने टॉर्च लावला आणि इतक्या वर्षांच्या सवयीने काचेवर हात धरला. शेवटच्या घरापुढे बाजेवर कोणीतरी बसलं होतं. रामधनची आई, तुळसाबाई. तांबडा ठिपका जवळ येताना बघून ती बाजेवरच मागे सरकली.

"कोण हाय?"

ओठ सवयीने मिटले.

"कोण हाय रे तिकडं?"

धम्मरत्नने काचेवरचा हात काढला आणि टॉर्च फिरवून स्वतःच्या तोंडावर धरला.

"मी हाव, आई," तो म्हणाला. "धम्मरत्न. आर्णीचा फोटोवाला."