चालवून पाहिलेली सिस्टीम

नारायणगावाजवळच्या बागायतदार संस्थेच्या द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये आरतीसमोर परदेशी खरेदीदाराचा फॉर्म पडला होता आणि त्यातला एकच प्रश्न कोरा होता. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम बिघडली, तर दुरुस्तीची जबाबदारी कोणाची?

कोणत्या पेटीतली द्राक्षे कोणत्या बागेतली, त्यांवर कोणती फवारणी झाली, शीतगृहाचे तापमान किती होते, ही सारी नोंद त्या एका सर्व्हरवर असे. त्यावरची फुकटची लिनक्स सिस्टीम एका संचालकाच्या भाच्याने घालून दिली होती. भाचा आता परदेशात होता, आणि त्या जुन्या आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणेही थांबले होते.

संस्थेचे अध्यक्ष बाळासाहेबांनी तिला सरळ स्वतःचे नाव लिहायला सांगितले. आरतीने नकार दिला. सर्व्हर सांभाळणे तिचे काम होते, पण सिस्टीमच्या पोटातले दोष काढणे तिच्या हातचे नव्हते. खोट्यावर सही करण्यापेक्षा तिने नोकरी सोडली असती. मागे कंपनी उभी असलेली, कराराने मदत देणारी सिस्टीम घ्यावी, एवढेच तिचे म्हणणे होते.

संचालकांपैकी ज्योतिबाअण्णांची हयात बेल्ह्याच्या बैलबाजारात गेली होती, द्राक्षबाग अलीकडची. आरतीने बैठकीत मांडलेली दोन कंपन्यांची माहितीपत्रके त्यांनी चाळली आणि बाजूला सारली.

“आरतीताई, नुसती शिंगं बघून बैल घेत न्हाईत. जुंपून चार पावलं चालवत्यात. हे कागद म्हंजी शिंगांचं फोटू.”

सारे हसले. आरतीलाही हसू आले.

“मग जुंपूनच बघू, अण्णा. खोड तुम्ही काढा.”

तिने दोन्ही कंपन्यांकडून महिनाभराची चाचणी मागवली. त्या काळातही केव्हाही मदत देऊ, असे दोन्ही कंपन्यांनी लिहून दिले होते. दोन सुट्या संगणकांवर तिने त्या सिस्टीम घातल्या, नोंदींच्या प्रती चढवल्या आणि सुरू होण्यासाठी लागणारी एकेक फाईल मुद्दाम बिघडवली. वेळ अण्णांनी ठरवली: रविवारी, भर जेवणाच्या वक्ताला. शिवाय फोनवर तेच बोलणार होते. धनी कासरा धरून असला की कुठलाही बैल शहाण्यासारखा चालतो, असे त्यांचे मत होते. आरतीने मुकाट्याने बसून फक्त सांगितले जाईल ते टाइप करायचे.

पहिल्या कंपनीच्या फोनवर वीस मिनिटे संगीत वाजले. मग एका गोड आवाजाने कळवले की इंजिनिअर सोमवारी संपर्क साधतील.

“ह्यो बैल बसला,” अण्णा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

आरतीने दुसऱ्या कंपनीचा नंबर अण्णांपुढे केला. दुसराही असाच बसला, तर त्या कोऱ्या जागेत तिचेच नाव घालायचा आग्रह पुन्हा सुरू होणार होता.

दुसरीकडे तिसऱ्या रिंगला फोन उचलला गेला. अण्णा हट्टाने मराठीतच बोलत राहिले, तेव्हा तिथल्या माणसाने मराठी जाणणाऱ्या इंजिनिअर बाईंना जोडून दिले. अण्णांनी वेड पांघरले. पडद्यावर काय दिसते ते निम्मेच सांगितले. बाई चिडल्या नाहीत. एकेक अक्षर वाचून घेत, आरतीकडून आज्ञा टाइप करवून घेत त्या पुढे सरकत राहिल्या. पस्तिसाव्या मिनिटाला शीतगृहाच्या नोंदी पडद्यावर उभ्या राहिल्या.

“काका, एक विचारू?” बाई म्हणाल्या. “ही फाईल आपोआप अशी बिघडत नाही. कुणीतरी जाणून हात लावलाय. पासवर्ड कुणाकुणाकडे आहे, ते आधी बघा.”

मग अण्णांनी मांडीवर थाप मारली.

“आमी तिची खोड काढाया बसलो, आन् तिनं आमचीच काढली. राव, हा बैल चालला.”

हे ऐकून कुणाही संचालकाचा विरोध उरला नाही आणि त्या दुसऱ्या कंपनीशी मदतीचा करार झाला. बाळासाहेबांनी स्वतः फॉर्म आरतीपुढे सरकवला. दैनंदिन देखभालीसाठी तिने आपले नाव लिहिले, सिस्टीमच्या दुरुस्तीसाठी त्या कंपनीचे, आणि खाली ठसठशीत सही केली. व्हरांड्यात अण्णांनी तोवर बेल्ह्याला कुणालातरी फोन लावला होता. आरतीताईंनी सिस्टीम कशी पारखली, हे ते मोठ्या आवाजात, थोडे तिखटमीठ लावून सांगत होते.