अखंड मातीचे उत्तर

मित्रांनो, मी माती-परीक्षणाच्या प्रयोगशाळेतील एक जुनी मशीन आहे. भूकंपात जमीन जसे हिसके खाते, तसेच हिसके मी मातीच्या लहानशा नमुन्याला देते. तो किती दबला, किती कलला, ते कागदावर रेघ ओढून सांगते. पूर्वी मला पाहायला लांबून लोक येत. पुढे संगणक आले आणि माझ्या डोक्यावर चहाचे कप विसावू लागले.

एकदा नदीकाठी मोठे रुग्णालय बांधायचे ठरले. जागा गाळमिश्रित चिकणमातीची. साधा पाया पुरेल की खोल खांब लागतील, हे आम्ही सांगायचे होते. नव्या इंजिनिअरने त्या जागेवरून नळीत भरून आणलेला नमुना काढला, कुस्करला आणि साच्यात ठोकून भरला. वाळूसाठी हीच रीत असते. मी हिसके दिले. रेघ जवळजवळ सरळ आली.

"जमीन पक्की आहे, मावशी! अहवाल लिहून टाकतो."

मावशी म्हणजे तीस वर्षे माझे तेलपाणी करणारी आमची तंत्रज्ञ. ती उसळलीच. "अरे शहाण्या, ही काय कणीक आहे मळायला? हिला साचायला शेकडो वर्षं लागली. तू ठोकून घट्ट केलीस, मग दबेल कशी?"

"मग आता?"

"दुसरी नळी आण. आणि मांडीवर घेऊन बस, गाडीत आदळू नकोस."

मावशीने नळीच्या तोंडावरचे मेण काढले, माती तारेने अलगद कापली आणि अखंड नमुना माझ्या स्वाधीन केला. चौदाव्या हिसक्याला तो कलला. माझी रेघ पाहून इंजिनिअरचा चेहरा उतरला. आकडेमोड करून त्याने लिहिले, 'मोठ्या भूकंपात जमीन नऊ सेंटीमीटर खचेल. इमारत खोल खांबांवरच उभारा.' बांधणारे कुरकुरले, पण खांब घातले.

सहा वर्षांनी भूकंप झाला. इंजिनिअर मोजपट्टी घेऊन रुग्णालयाकडे धावला. तासाभराने त्याचा फोन आला.

"मावशी, अंगण साडेआठ सेंटीमीटर खचलंय!"

"आणि इमारत?"

"जागच्या जागी! एकही खाट हलवावी लागली नाही. अहो, हादऱ्यांतच इथे एक बाळ जन्मलं!"

मावशीने डोळे पुसले, पण आवाज कडकच ठेवला. "उरलेला अर्धा सेंटीमीटर कुठे सांडलास रे?"

सगळी प्रयोगशाळा हसली. मग तिने माझ्या पाठीवर सणसणीत थाप मारली. "जिंकलीस गं बाई!"

मित्रांनो, उद्या तुम्ही घरे, शाळा, पूल बांधाल. त्याआधी पायाखालच्या मातीला विचारा, ती आहे तशी ठेवून विचारा. ती खोटे बोलत नाही. तिचे म्हणणे तुमच्यापर्यंत पोहोचवायला मी उभी आहेच. माझ्या सांध्यांत तेवढे तेल असू द्या.