थोरल्याची बायको

विटांच्या कारखान्यातल्या कामगारांच्या वसाहतीबाहेर खेथिवे सकाळपासून उभी होती. डोक्यावरच्या टोपलीत उकडलेल्या अळकुड्या होत्या. डर्बनमध्ये राहायचा तिचा परवाना आज संध्याकाळी संपत होता. मूल राहावं म्हणून काळ्या बायकोला नवऱ्याकडे चार दिवस येऊ देत, त्यातला तो परवाना. कचेरीत दोन वर्षं खेटे घातल्यावर मिळालेला. आणि ती पोचली त्याच दिवशी संप सुरू झाला, फाटक बंद झालं.

"कोणाची बायको तू?" फाटकावरच्या न्डलोवू नावाच्या शिपायाने आज पुन्हा विचारलं.

"आमच्या म्हाताऱ्यांच्या थोरल्याची," ती खाली बघत म्हणाली.

"अगं बाई, आत सगळे कोणाचे ना कोणाचे थोरलेच आहेत! नाव घे."

नाव कसं घेणार? लग्न झाल्यापासून ते तिच्या जिभेवर आलं नव्हतं. पदरी मूल असतं तर अमक्याचा बाप म्हणून भागलं असतं.

न्डलोवूने गाडीत बसलेल्या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "नको, नकोच घेऊस. आज जे नाव त्याच्या कानावर पडेल, तो पुढारी म्हणून तुरुंगात जाईल."

आत मैदानात माणसं बसून होती. कर्ण्यातून मॅनेजर ओरडत होता, "तुमचा म्होरक्या पाठवा, बोलू!"

"सगळेच म्होरके, साहेब! चहाला कप पुरतील का?"

मैदान हसलं, पण उठलं कोणी नाही. एकट्याने उठायचं नाही, हे ठरलेलं. म्हणून तिचा नवराही उठत नव्हता.

तिच्याच गावच्या म्हाताऱ्या म्बाथाने तिला ओळखलं. तो शेजाऱ्याच्या कानात काही बोलला, शेजारी पुढच्याच्या. मग सगळं मैदानच एकदम उठलं आणि कुंपणाशी येऊन रांगा करून उभं राहिलं.

"सूनबाई, मला ने घरी!" म्बाथा ओरडला. "भांडीसुद्धा घासतो!"

"त्याला नको गं, तो घोरतो!"

खेथिवे हसली, आणि हसतानाच तो दिसला. दुसऱ्या रांगेत. गाल बसलेले, दाढी वाढलेली. तारेपलीकडे, दोन हातांवर.

गाडीचं दार वाजलं. अधिकारी येऊन तिच्या खांद्याशी उभा राहिला आणि तिचे डोळे कुठे अडतात ते बघू लागला.

तिने डोळे सोडवून घेतले. शेजारच्या अनोळखी माणसाकडे तितकाच वेळ पाहिलं. मग त्याच्या शेजारच्याकडे. कोणी मान खाली घातली नाही, कोणी थट्टा केली नाही. एकेक चेहरा करत ती टोकाला पोचली. अधिकारी हलला नव्हता.

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.