आतला चेंडू

आमच्या घरी दर उन्हाळ्यात गावच्या बेसबॉल संघातली दोन-तीन मुलं राहायला असत. माझा नवरा लॉइड संघाची बस चालवायचा आणि मुलगी लग्न होऊन गेल्यापासून वरच्या खोल्या रिकाम्याच पडल्या होत्या. अगदी खालच्या दर्जाच्या लीगमधली ही पोरं. भूक मात्र राक्षसाची, आणि प्रत्येकाला खात्री की पुढच्या वर्षी आपण मोठ्या लीगमध्ये खेळणार.

चौऱ्याहत्तर साली आमच्याकडे डेल हॅस्किन्स होता. केंटकीच्या डोंगरातला पोरगा, ताडमाड उंच, अंगाने काडी. पिचर म्हणून असा काही चेंडू फेकायचा की कॅचरच्या ग्लव्हमधला आवाज मैदानाबाहेर गाड्या लावतात तिथपर्यंत ऐकू यायचा. घरात मात्र तोंडातून शब्द निघायचा नाही. स्वतःचं ताट स्वतः घासायचा आणि 'मॅम' म्हटल्याशिवाय त्याचं वाक्य पुरं व्हायचं नाही.

जुलैतल्या एका रविवारी नदीपलीकडच्या गावाचा संघ आमच्याकडे खेळायला आला. त्यांच्यात एलिआझर किहादा नावाचा व्हेनेझुएलाचा मुलगा होता. फलंदाजासमोर जमिनीत पांढरी प्लेट असते, तिच्यावरून चेंडू जावा लागतो; बॅट घेऊन तिला असा चिकटून उभा राहायचा, जणू ती त्याच्या बापाची. असा फलंदाज समोर असला की पिचरने एखादा चेंडू आत, त्याच्या अंगालगत टाकायचा आणि त्याला मागे सरकवायचं, हा या खेळातला रिवाजच आहे. डेलने तेच केलं. पण चेंडू हातातून निसटला आणि एलिआझरला मागे व्हायला सवडच मिळाली नाही. हेल्मेटच्या कडेखाली, कानाशी लागला. तो आवाज मी गॅलरीत बसून ऐकला. एलिआझर खाली पडला तो हललाच नाही. दवाखान्याची गाडी येईपर्यंत सगळं मैदान उभं होतं. डेल तिथेच, पिचरच्या उंचवट्यावर, गुडघ्यांवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर गेले तर त्याची बॅग भरलेली.

"कुठे निघालास?"

"घरी, मॅम. वडिलांच्या लाकडाच्या वखारीत काम आहे."

"आणि तो मुलगा?"

त्याने मान वर केली नाही. "दवाखान्यात फोन केला होता. नातेवाईक नसाल तर काही सांगणार नाही म्हणाले. मॅम, तो मेला असेल तर?"

"मेला असता तर रेडिओने सांगितलं असतं," मी म्हटलं. खरं तर मीही सकाळपासून रेडिओ लावायला घाबरत होते. "बूट घाल. नातेवाईक नसलो म्हणून काय झालं, बघू कोण अडवतंय."

अडवलं एका जाड्या नर्सने. मी तिला सांगितलं, की या मुलाला भेटू दिलं नाहीत तर मी इथेच बाकावर बसून राहीन आणि मला बडबड करायची फार सवय आहे. तिने डेलच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि दार उघडलं.

एलिआझर उशीला टेकून बसला होता. डोक्याला पट्टी, अर्धा चेहरा जांभळा, आणि हातात जेलीची वाटी. जिवंत, बसलेला, खाणारा! मी मिळेल त्या खुर्चीत बसले.

डेल दारातच उभा राहिला. "मी... मला तसं... चेंडू निसटला रे."

एलिआझरला इंग्रजी मोडकंतोडकंच यायचं. त्याने चमचा डेलकडे रोखला. "तू! लुकड्या!"

"हो. मीच."

"डॉक्टर म्हणतो, कवटीला बारीक चीर. दगडाचं डोकं, म्हणतो. बरं होणार. खेळणार." मग वाटी पुढे केली. "ही खा. हिरवी. घाण आहे. ही तुझी शिक्षा."

डेलने खरंच खाल्ली. उभ्याउभ्या, सगळी, डोळ्यांतून पाणी गळत असताना. एलिआझर इतका हसला की डोकं धरून ओरडायला लागला आणि नर्सने आम्हाला हाकलून दिलं.

घरी आल्यावर डेलने बॅग रिकामी केली. मला वाटलं, सुटलो. पण कुठलं काय! मैदानात उतरला की त्याचा एकही चेंडू आत जायचा नाही. सगळे बाहेरून, फलंदाजापासून हातभर लांब. आठवडाभरात सगळ्या लीगला कळलं. फलंदाज खुशाल प्लेटवर झुकून उभे राहायचे आणि त्याला धुऊन काढायचे. लॉइड एकदा जेवताना म्हणाला, "अरे, ती सगळी माणसं आहेत, काचेची भांडी नाहीत." डेल म्हणाला, "होय सर." आणि पुढच्या सामन्यात पुन्हा तेच. मॅनेजरने लॉइडच्या कानावर घातलं होतं, की हे असंच चाललं तर मोसम संपताच मुलाला नारळ देणार.

ऑगस्टच्या अखेरीस आम्ही नदीपलीकडे खेळायला गेलो. मीही बसमधून गेले. आणि त्यांच्या बाजूने बॅट घेऊन कोण आला? एलिआझर! मैदानात टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. तो सावकाश चालत आला आणि उभा राहिला कुठे, तर पहिल्यापेक्षाही पुढे, प्लेटवर जवळजवळ ओणवा.

डेलने पहिला चेंडू बाहेर टाकला. दुसराही बाहेर. एलिआझर बाजूला झाला, बॅट काखेत धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "ए लुकड्या! मी काय तुझी आजी आहे? आत टाक!"

लोक हसले. डेलचं तोंड लालबुंद झालं. पंच म्हणाले, चला चला, खेळा. एलिआझर परत तिथेच उभा राहिला आणि आपल्या छातीजवळची हवा बोटाने दाखवली, इथे.

डेलने टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली. मी बाक घट्ट धरला होता. त्याने हात मागे नेला आणि फेकला. आत. सरळ छातीजवळून. एलिआझरने पोट आत घेतलं, कोपर वर उचललं, आणि चेंडू फाटकन ग्लव्हमध्ये.

"हां! आत्ता कसं!" एलिआझर ओरडला.

पुढचाही आत आला, पण या वेळी प्लेटवरून, आणि एलिआझरने तो असा ठोकला की चेंडू डाव्या कुंपणाला लागून परतला. एलिआझर धावत दुसऱ्या बेसवर, डेलच्या पाठीमागच्या टप्प्यावर, पोचला आणि कपडे झटकू लागला. मार खाल्लेला डेल त्याच्याकडे वळला आणि कमरेवर हात ठेवून चक्क हसला. दोन महिन्यांत त्याचे दात मला पहिल्यांदा दिसले. माझ्या शेजारच्या बाईने विचारलं, "तुमचाच संघ ना? मग हसताय काय?" काय सांगणार तिला!

तो सामना आम्ही हरलो. डेलने मात्र शेवटपर्यंत चेंडू हवा तिथे टाकला आणि पुढच्या वसंतात त्याला वरच्या लीगमध्ये बोलावणं आलं. तिथे तो सहा वर्षं टिकला. सामन्याच्या त्या संध्याकाळी मात्र लॉइडने बस अर्धा तास उशिरा काढली. मॅनेजरला सांगितलं इंजिन तापलंय. खरं म्हणजे ती दोघं पोरं मैदानाजवळच्या टपरीत मक्याची कणसं खात बसली होती, आणि एलिआझर लोण्याने माखलेल्या हातांनी डेलला चेंडू कसा धरायचा ते शिकवत होता.