दाढी होईपर्यंत गप्प

बाबांच्या छातीत, उजव्या खांद्याजवळच्या हाडाखाली, काडेपेटीहून थोडी मोठी बॅटरी आहे. तिच्या तारा मानेतून वर जाऊन थेट मेंदूत खोल पोचतात. शस्त्रक्रियेला चार महिने झाले. त्याआधी त्यांच्या कपातला चहा बशीत आणि बशीतला शर्टावर उतरायचा. आता कप सरळ ओठांपर्यंत जातो. पार्किन्सन्स बरा झालेला नाही. त्याला दमात घेतलंय, एवढंच.

पंचाईत एकच. हात स्थिर राहील इतका विजेचा जोर दिला की बाबांची जीभ जड होते आणि शब्द एकमेकांच्या पायात अडकतात. जोर कमी केला की बोलणं मोकळं होतं, पण हात पुन्हा थरथरायला लागतो. डॉक्टरांनी बरेच आकडे बदलून पाहिले आणि शेवटी दोन्ही सेटिंग्ज रिमोटमध्ये ठेवून दिली. गरजेप्रमाणे बटण दाबायचं. आईने त्यांचं बारसंही केलं: एक 'हात', दुसरं 'तोंड'.

दुसऱ्या कुणाचं एवढ्यावर भागलं असतं. पण बाबांचं दाढी-कटिंगचं दुकान आहे, आणि तिथे चाळीस वर्षं वस्तऱ्याच्या बरोबरीने त्यांची जीभ चालत आली होती.

आजारपणात दुकान भागीदाराने सांभाळलं. बाबांची खुर्ची तीन वर्षं चादरीखाली होती. "दादा, या महिन्यात जमलं तर ठीक," तो चाचरत म्हणाला होता, "नाहीतर त्या खुर्चीवर दुसरा कारागीर बसवावा लागेल." तेव्हापासून बाबा जेवताना चमचासुद्धा वस्तऱ्यासारखा धरायचे.

मी प्रयोगशाळेत काम करते. मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. आम्ही वीस फुगे आणले, त्यांना साबणाचा फेस लावला आणि बाबांनी ते वस्तऱ्याने साफ केले. 'हात'वर अठरा फुगे शाबूत राहिले. फुटलेल्या दोनांतला एक मीच जास्त फुगवला होता. मग 'तोंड'वर एक जादा फुगा घेतला, तो रंगात आलेल्या किश्श्याच्या मधोमध फुटला. निष्कर्ष उघड होता. दाढी 'हात'वर करायची.

फुगा बोलत नाही आणि घाबरतही नाही, हे मात्र माझ्या लक्षात आलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक व्हायला मामा तयार झाला. म्हणजे आईने त्याला तयार केलं.

"ताई, माझ्या गळ्याचा विमा काढलायस का?"

"तुझ्या गळ्याला कोण विचारतंय? बस मुकाट्याने."

बाबांनी 'हात'चं बटण दाबलं, फेस लावला, कानाजवळून वस्तरा खाली आणला. हात इतका स्थिर होता की मी श्वास सोडला. डावा गाल झाला. दुकानात फक्त वस्तऱ्याची खरखर ऐकू येत होती. भागीदाराची कात्री थांबली होती.

"भाऊजी?" मामाने डोळे उघडले. "कापलं का?"

बाबांनी नकारार्थी मान हलवली, पण मामाचं तोंड छताकडे होतं.

"कापलंच!" म्हणत तो ताडकन उठला. बाबांनी वस्तरा त्याआधीच वर उचलला होता, म्हणून बरं.

मामाची चूक नव्हती. उभ्या आयुष्यात बाबा फक्त एकाच प्रसंगी गप्प व्हायचे: कुणाला लागलं की. गोष्ट मध्येच तुटायची आणि मग हळूच तुरटी यायची. सगळी गिऱ्हाइकं हे ओळखून होती. दादा गप्प, म्हणजे रक्त.

अर्ध्या तोंडाला फेस घेऊन मामा आरशात रक्त शोधत होता. बाबांचा हात रिमोटकडे गेला. आता त्यांनी 'तोंड' लावलं असतं, तर दाढी तिथेच संपली असती आणि खुर्चीसुद्धा. त्यांनी रिमोट परत ठेवला.

"बस," ते जड जिभेने म्हणाले. "तू... बोल."

"मी? काय बोलू?"

"काहीही बोल रे," आई म्हणाली. "एरवी थांबतोस कुठे?"

मामा बसला. हवापाणी झालं, गुडघेदुखी झाली. वस्तरा हनुवटीखाली आला तसा भीतीने त्याचा वेग वाढला. "आणि भाऊजी, तुमची ती नवी सायकल चोरीला गेली नव्हती. मी घेतली होती. उतारावर ब्रेक लागला नाही, ती नदीत गेली."

"मेल्या, तीस वर्षांनी सांगतोस? आणि तेही वस्तरा गळ्याशी असताना?" आई किंचाळली.

वस्तरा जागच्या जागी थांबला. मी मनात सहापर्यंत मोजलं. मग तो पूर्वीच्याच संथपणे खाली उतरला आणि गळा स्वच्छ झाला.

भागीदाराने मामाच्या गालावरून उलटा हात फिरवला आणि बाजूला काढून ठेवलेली खुर्चीवरची चादर घडी करून आईच्या हातात दिली.

मामा खुर्चीतून उठला. बाबांनी बाकावर टेकून 'तोंड'चं बटण दाबलं. थोडा वेळ गेला. उजवा हात थरथरू लागला, तो त्यांनी मांडीखाली दाबला.

"गाढवा! त्या सायकलपायी मी दोन वर्षं पायी आलो इथे. आणि चोर म्हणून कुणावर संशय घेतला, माहितीये? थेट तुझ्या—"

बाकावर बसलेलं एक म्हातारं गिऱ्हाईक उठलं आणि येऊन बाबांच्या खुर्चीत बसलं. "दादा, दाढी."

बाबांनी एकदा मामाकडे पाहिलं, एकदा खुर्चीकडे.

"उरलेलं दाढी झाल्यावर. जायचं नाही," त्यांनी मामाला बजावलं आणि 'हात' लावला.

"कुणावर घेतला? भाऊजी? नाव तरी सांगा!"

बाबा हात स्थिरावायची वाट पाहत वाटीत ब्रशने सावकाश फेस करत होते. म्हाताऱ्याने मान मागे टेकली.

"मीच बोलायचं ना आता?" तो खुशीत म्हणाला. "मग ऐका. आमची सून..."